लॅबच्या पिल्लाला चावायला काय द्यायचं आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ५ महिन्यांचं लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्र्याचं, पिल्लू आहे, चपला, सोफ्याचा कोपरा, चार्जरची वायर, दिसेल ते चावतंय, दुकानदाराने गाठी मारलेली पांढरी हाडं आणि रंगीत काड्या दिल्यात, सासूबाई म्हणतात रविवारच्या मटणातलं हाड दे की, आणि ऑनलाइन कुणीतरी याकच्या दुधाचं छुर्पी सुचवलंय, तर यातलं नक्की सेफ काय. मी कोल्हापुरात गेली १९ वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतेय, आणि हाडामुळे, खेळण्यामुळे, बॉलमुळे टेबलवर आलेली इतकी कुत्री पाहिलीत की या विषयावर मला दोन ओळीत उत्तर देताच येत नाही, त्यामुळे सावकाश वाचा.

आधी एक गोष्ट, पिल्लू चावतंय म्हणून त्याला ओरडू नका. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्के ४२ दात येतात, म्हणजे तुमचं पिल्लू आत्ता बरोबर त्याच्या मधोमध आहे, हिरड्या सुजलेल्या आहेत, ठणकतायत, आणि काहीतरी दाबून चावलं की त्याला बरं वाटतं. खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला किंवा तांदळाच्या दाण्याएवढा दात फरशीवर सापडला तरी घाबरू नका, बरेचसे दात तर ते गिळूनच टाकतात आणि त्याने काही होत नाही. दात येऊन झाले तरी लॅब चावायचं सोडत नाही, त्यामुळे "चावू नको" शिकवण्यापेक्षा "हे चाव" असं काहीतरी हातात, म्हणजे तोंडात, देणं हाच उपाय आहे.

आता काय द्यायचं. बाजारातली कुठलीही वस्तू बघताना मी दोनच प्रश्न विचारते. हे दातापेक्षा कडक आहे का, आणि याचा तुकडा निघून घशात किंवा आतड्यात जाईल का. जवळजवळ सगळे अपघात या दोनपैकी एका कारणाने होतात.

कडकपणा बघायची सोपी पद्धत म्हणजे अंगठ्याचं नख त्या वस्तूवर जोरात दाबायचं, थोडा तरी खड्डा पडला पाहिजे किंवा वस्तू दबली पाहिजे, नाही दबली तर ती पिल्लासाठी जास्त कडक. लोक म्हणतात डॉक्टर, कुत्र्याचे दात किती मजबूत असतात, हाड फोडतात! जबडा मजबूत असतो हो, पण दातावरचं इनॅमल आपल्यापेक्षा पातळ असतं, बहुतेक ठिकाणी १ मिलिमीटरपेक्षाही कमी. आणि सगळ्यात जास्त फुटतो तो वरच्या बाजूचा चौथा प्रीमोलर, गालाच्या आतला सगळ्यात मोठा दात, कारण कुत्रं कडक वस्तू त्याच्याच खाली धरून दाबतं, मग त्याची बाहेरच्या बाजूची एक चपटी खपली उडते आणि आतली नस उघडी पडते. माझ्याकडे एक सहा वर्षांचा लॅब आला होता, डोळ्याखाली गाठ आली, फुटली, पू आला, पुन्हा भरली, घरच्यांना वाटलं काटा लागला असेल, दोनदा मलम लावून झालं, आणि तोंड उघडून पाहिलं तर तो दात फुटलेला होता आणि त्याच्या मुळाशी पू होऊन तो डोळ्याखाली आला होता. दर रविवारी मटणाच्या हाडाची नळी चावायचा. कित्येक महिने त्याने एकाच बाजूने खाल्लं असणार, आणि कुत्री दुखतंय म्हणून जेवण सोडत नाहीत त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो दात काढल्यावर आठ दिवसांनी घरचे म्हणाले हा परत लहान झाल्यासारखा खेळतोय, तेव्हा आम्हाला कळलं की त्याला किती दुखत होतं.

त्यामुळे हाडाचं आधी बोलते. आमच्याकडे सोमवारची सकाळ म्हणजे हाडाच्या केसेसची सकाळ, कारण रविवारी घरोघरी मटण. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावल्यावर त्याच्या टोकदार सळ्या निघतात, त्या घशात, अन्ननलिकेत अडकतात, आतड्याला भोक पाडू शकतात. चिकनची तंगडी तर मुळीच नको. जे हाड नीट चावून गिळलं जातं त्याचा आत चुन्यासारखा घट्ट गोळा होतो, कुत्रं शी करताना रडतं, मग एनिमा द्यावा लागतो आणि कधीकधी तोही भूल देऊन. गोल कापलेली नळी खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे बांगडीसारखी अडकते, कुत्रं घाबरून पंजाने तोंड ओरबाडतं, ती आम्ही कापून काढतो. कच्चं हाड द्या असं सांगणारे लोक आहेत, कच्चं हाड कमी तडकतं हे बरोबर आहे, पण दात त्याच्यानेही तितकाच फुटतो, आणि कच्च्या मांसावरचे साल्मोनेलासारखे जंतू घरातल्या फरशीवर, लहान मुलांच्या हातावर येतात ते वेगळंच. सासूबाईंना असं सांगा, की हाड नको पण मसाला, कांदा-लसूण काहीही न घालता उकडलेलं बिनहाडाचं मटण दोन तुकडे आणि तेच थोडं पाणी त्याच्या भातावर घाला, त्यांच्याच हाताने घालू दे. त्यांना लाडच करायचा आहे, तो तसाही होतो. मात्र रस्सा नको, तांबडा नको, पांढराही नको, कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवून, वाटून, पावडर करून कशाही स्वरूपात ते विषच राहतं.

दुकानदाराने दिलेली पांढरी गाठीची हाडं. ती हाडं नाहीतच, ते जनावराच्या कातड्याचा आतला थर चुन्यासारख्या रसायनात घालून, केस काढून, धुऊन, ब्लीच करून, गुंडाळून वाळवलेलं असतं, रॉहाइड म्हणतात ते. कोरडं असताना दगडासारखं, ओलं झालं की बुळबुळीत आणि फुगलेलं. कुत्रं ते चघळून चघळून मऊ करतं आणि मग गाठच्या गाठ सोडवून एकदम गिळतं, पोटात ते सहज विरघळत नाही, फुगतं. आणि लॅब म्हणजे गिळणारी जात, हे लक्षात ठेवा, काही कुत्री बारीक बारीक कुरतडत बसतात, काही फाडून टाकतात, आणि लॅब, बीगल ही मंडळी संधी मिळाली की गिळतात. रंगीत काड्या त्याच कातड्याचा चुरा दाबून रंग घालून केलेल्या असतात, बरणीत सुट्ट्या ठेवलेल्या, ना तारीख ना घटक, मी देत नाही आणि द्यायला सांगत नाही. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या म्हणजे जर्की घेणार असाल तर पाकिटावर कुणी बनवलं, कुठे बनवलं, काय घातलंय हे सगळं लिहिलेलं असेल तरच घ्या, अमेरिकेत २००७ पासून जर्की खाऊन किडनीला त्रास झालेल्या कुत्र्यांच्या तक्रारी तिथल्या एफडीएकडे आल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा चीनमधून आलेल्या मालाबद्दल होत्या.

छुर्पीबद्दल खूप जण विचारतात. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडचं पारंपरिक कडक चीज आहे ते, माणसंसुद्धा तासन्‌तास चघळतात, घटक साधे असतात, पचायला वाईट नाही. पण नख दाबून बघा, दगड आहे. ५ महिन्यांच्या पिल्लाला नको, आणि मोठ्या कुत्र्यालाही जो दाढेखाली धरून कडाकड फोडतो त्याला नको. चाटत, घासत बसणारं शांत कुत्रं असेल तर समोर बसून २० मिनिटं द्या आणि अंगठ्याएवढा तुकडा उरला की काढून घ्या. तो शेवटचा तुकडा मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ ठेवला की लाहीसारखा फुगतो, पूर्ण गार झाल्यावर द्या, मग दाताला त्रास नाही. हरणाची शिंगं, जनावरांचे खूर, कडक नायलॉनची हाडं, यातलं काहीच नखाच्या परीक्षेत पास होत नाही. बर्फाचा खडासुद्धा. उन्हाळ्यात लोक प्रेमाने बर्फ देतात आणि कडाकड चावताना दात जातो, त्यापेक्षा चुरा करून द्या.

मग खेळणी कोणती घ्यायची? माझी पहिली पसंती जाड, पोकळ, नैसर्गिक रबराच्या खेळण्याला, ज्यात खाऊ भरता येतो. काँग नावाचं जे खेळणं सगळ्यांना माहीत आहे त्याची सुरुवातच दात वाचवण्यातून झाली, अमेरिकेत १९७०च्या दशकात जो मार्कहम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता, त्याने गाडीचा एक रबरी पार्ट आवडीने चावला आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली. तीच कंपनी पाहिजे असं काही नाही, पण तीन गोष्टी बघा. एक, पिल्लांसाठीचं रबर वेगळं, मऊ असतं, मोठ्यांचं आत्ता नको. दोन, साइज. पाकिटावर वजन दिलेलं असतं पण पिल्लू महिन्याला अडीच-तीन किलो वाढतंय त्यामुळे आजचा बरोबर साइज दोन महिन्यांनी घशात जाईल, शंका असेल तर एक साइज मोठाच घ्या, आख्खं खेळणं सुळ्यांच्या मागे जाता कामा नये. तीन, भोकं दोन पाहिजेत. एकच भोक असलेल्या बॉलमध्ये किंवा खेळण्यात चाटताना जीभ आत ओढली जाते, हवा अडकते, जीभ सुजते आणि बाहेर येत नाही, मग जीभ कापायची वेळ आलेली कुत्री आहेत.

बॉल म्हणजे माझा सगळ्यात भीतीचा विषय. मुलांचे क्रिकेटचे लहान रबरी बॉल घरात पडलेले असतात, लाळेने बुळबुळीत होतात, उडी मारून झेलताना सरळ घशाच्या मागे बसतात आणि श्वास बंद. एका मुलीने रिक्षात कुत्रं घालून माझ्याकडे आणलं होतं, बॉल घशात होता, आणि ते दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत गेलं होतं. दहा मिनिटांचा रस्ता होता फक्त. त्या दिवसापासून लॅबवाल्या प्रत्येक घराला मी बॉलचा साइज विचारते, तुम्हालाही सांगते, घरातले सगळे लहान बॉल आजच उचलून कपाटात टाका. टेनिस बॉल फेकून आणायला ठीक, पण चावत बसायला नको, त्याच्या लोकरीत माती-वाळू बसते आणि ती सॅंडपेपरसारखे दात घासून काढते.

दोरीची खेळणी, ज्याच्या टोकाला झुपके असतात, ती खेचाखेचीला चांगली पण खेळून झालं की उचलून ठेवायची. सुटे धागे गिळले तर एक टोक पोटात अडकतं आणि आतडं त्या धाग्यावर नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं, मग धागा आतडं आतून कापतो. ही सर्जरी करायला मला अजूनही धाकधूक होते. मोजे, सुतळी, पायजम्याची नाडी, मांजा, सगळं यातच धरा. कापडी खेळण्यांचे डोळे-बटणं आधी कापून टाका, आतली शिट्टी निघाली की ते खेळणं संपलं. आणि जुनी चप्पल चावायला देऊ नका, त्याला जुनी-नवी कळत नाही, शिवाय चपलेत खिळे असतात, सोल्यूशन असतं. आपल्याकडे २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय पण तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, पेट शॉपमधली खेळणी त्यात येत नाहीत, म्हणून ज्याला रंगाचा, केमिकलचा उग्र वास येतोय, जे ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर रंग सोडतंय ते घेऊ नका.

विकतच्या वस्तूंपेक्षा घरातल्या चार गोष्टी जास्त त्रास देतात. आंब्याची कोय, मे-जूनमध्ये दरवर्षी एक-दोन कोयी मी आतड्यातून काढते, गोड वास, बुळबुळीत, गपकन गिळली जाते आणि बरोबर लहान आतड्यात अडकते. दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस, पावसाळ्यात तेच, चावायच्या आधीच पोटात, आणि हे कणीस बऱ्याचदा एक्स-रेमध्ये धड दिसतही नाही, सोनोग्राफी करावी लागते, त्यामुळे गिळताना पाहिलं असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. नारळाची करवंटी, तिचे तुकडे पडून टोचतात. आणि काठ्या. बागेतली काठी फेकून आणायचा खेळ दिसतो छान पण ती घशात घुसते, शिवाय सोसायटीच्या बागेत कण्हेर हमखास असते, तिची फांदी चावली तर हृदयाचे ठोके बिघडतात, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तशीच, आणि शोभेचं सायकस असेल तर त्याने लिव्हर जातं. बागेत काय काय लावलंय ते एकदा माळ्याला विचारून बघा.

खाऊचं म्हणाल तर दिवसभरातल्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको. ३० किलोच्या मोठ्या लॅबला दिवसाला साधारण १,३०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊला १३०, आणि एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ असतात, तेव्हा पाच-सहा बिस्किटांत कोटा संपला, आणि घरात आजोबांनी चहाबरोबर दोन, मुलांनी दोन, तुम्ही दोन असं होतंच होतं. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, ते बंदच करा. त्याऐवजी गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन, थोडं साधं दही. पाचशे रुपयांच्या पाकिटापेक्षा हे बरं.

काय अजिबात नको तेही सांगते. मनुका, बेदाणे, द्राक्षं, किती खाल्ली तर चालतील असा आकडाच नाही, एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात आणि एखाद्याची किडनी थोड्यातच बंद पडते. आपल्याकडे सांगली-तासगावचा बेदाणा घराघरात, प्रसादाच्या शिऱ्यात असतोच, तो प्रसाद पिल्लाला देऊ नका. यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं आता मानतात आणि ते चिंचेतही भरपूर असतं, चिंच खाऊन किडनी बिघडलेल्या कुत्र्यांच्या केसेस नोंदल्या गेल्यात, म्हणून चिंच-गुळाची आमटी भातावर घालायची सवय असेल तर ती मोडा. चॉकलेट, त्यातही डार्क आणि कोको पावडर. आणि शुगरफ्री च्युइंगम, शुगरफ्री पीनट बटर, यात झायलिटॉल असू शकतं, १० किलोच्या कुत्र्याची रक्तातली साखर पाडायला १ ग्रॅम पुरतं, पीनट बटर खेळण्यात भरायला वापरणार असाल तर डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय भरू नका.

तुमच्या पिल्लासाठी मी असं करेन. रबराचं खेळणं घ्या, दोन घ्या म्हणजे एक फ्रीजरमध्ये राहील, त्यात त्याच्याच जेवणाचा भाग, म्हणजे भिजवलेलं पेट फूड किंवा मऊ दहीभात आणि कुस्करलेला भोपळा सैल भरून गोठवा, सकाळी एक, संध्याकाळी एक, गार रबराने हिरड्यांना आराम पडतो आणि चाटण्यात अर्धा तास जातो. मधल्या वेळात फ्रीजमधलं गार, जाड, लांब गाजर, एक टोक तुमच्या हातात धरून, बोटभर उरलं की काढून घ्यायचं, कारण ते शेवटचं बोटभर तो गिळणार. सुती फडकं ओलं करून गार करूनही देता येतं, तेही हातात धरूनच. दात साफ राहावेत म्हणून डेंटल स्टिक घ्यायची असेल तर पक्के दात आल्यावर बघा, व्हीओएचसी या संस्थेचा शिक्का असलेली बघा, हा शिक्का प्लाक किंवा टार्टर कमी होतं का यासाठी असतो, तुमचं कुत्रं ती गिळेल की नाही हे तुम्हालाच बघायचंय. खेळणी आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाने धुवा, आणि चीर पडली, तुकडा निघाला की टाकून द्या, महागाचं होतं म्हणून ठेवू नका.

आणि एक सवय आत्ताच लावा, "सोड". त्याच्या तोंडात काही असेल तर ओढू नका, मागे पळू नका, ओढलं की ते पटकन गिळतं, किंवा मोठं झाल्यावर गुरगुरायला लागतं. चिकनचा तुकडा नाकासमोर धरा, म्हणा "सोड", त्याने सोडलं की तुकडा द्या आणि शक्य असेल तर ती वस्तूही परत द्या. रोज पाचदा. ज्या दिवशी त्याच्या तोंडात आंब्याची कोय असेल त्या दिवशी हा एक शब्द तुमची सर्जरी वाचवेल.

गिळलंच काही, तर मिठाचं पाणी पाजू नका. अजून लोक पाजतात, आणि मिठाचंच विष होऊन मेंदूला सूज येते. हायड्रोजन पेरॉक्साइडही स्वतःच्या मनाने नको, टोकदार वस्तू उलटीतून वर येताना आणखी फाडते. फोन करा, काय, केवढं, कधी गिळलं ते सांगा, उरलेला तुकडा किंवा पाकीट बरोबर घेऊन या. पहिल्या एक-दोन तासांत आणलंत तर बऱ्याच गोष्टी ऑपरेशनशिवाय निघतात. पुन्हा पुन्हा उलटी, पाणीही न टिकणं, पोट ताठ, पुढचे पाय खाली टाकून मागचा भाग वर करून उभं राहणं, शी न होणं, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका. श्वासच अडकला असेल आणि वस्तू दिसत असेल तर पकडून काढा, दिसत नसेल तर आंधळेपणाने बोटं घालू नका, आणखी आत जाते. बॉल असेल तर बाहेरून, जबड्याखाली घशाच्या बाजूने दोन्ही अंगठे बॉलच्या मागे लावून तोंडाच्या दिशेने जोरात ढकला. नाही निघाला तर मागून मिठी मारून बरगड्या संपतात तिथे मूठ ठेवून आत आणि वर चार-पाच झटके द्या, आणि निघाला तरी नंतर दाखवायला आणाच.

पुढच्या लसीला याल तेव्हा त्याचं तोंड उघडून बघू. सातव्या महिन्यानंतर दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याच्या शेजारी तसाच उभा दिसला तर तो काढावा लागतो, नाहीतर दोघांच्या मधे अन्न अडकून पक्का दात खराब होतो. तोपर्यंत दर रविवारी दोन्ही बाजूंनी ओठ वर करून मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवा, त्यालाही तोंडाला हात लावून घ्यायची सवय होईल आणि मलाही बघायला सोपं जाईल.